सीमाभूमीची कादंबरी : आरंभीची अमेरिका आणि भोसल्यांचे नागपूर

ऐतिहासिक कादंबरीसाठी जुने किल्ले, राजवाडे, वंशावळी आणि लढाया एवढी सामग्री पुरेशी असते, अशी समजूत वाचकांत आणि काही अंशी लेखकांतही रुजलेली आहे. परंतु ज्या देशाजवळ किल्ले आणि राजवंश जवळपास नव्हतेच, त्या देशाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रकाराला जे वळण दिले ते पाहिल्यावर ही समजूत तपासून घेणे भाग पडते. अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींनी १७७६ साली स्वातंत्र्य जाहीर केले आणि पुढे पन्नास वर्षांच्या आत तिथल्या लेखकांना स्कॉटलंडच्या वॉल्टर स्कॉटसारखी ऐतिहासिक कादंबरी आपल्याकडेही असावी असे वाटू लागले. अडचण अशी होती, की स्कॉटजवळ सरदार घराणी, पडके मनोरे आणि शतकानुशतकांची वैरे होती, तर अमेरिकी लेखकासमोर जंगल, नदी, लाकडी वस्ती आणि त्या जंगलात आधीपासून राहणारे मूळचे रहिवासी एवढेच होते. नॅथॅनिएल हॉथॉर्नसारख्या थोर लेखकानेही, आपल्या देशात ना प्राचीनता ना गूढ, मग रोमान्स लिहायचा कशाच्या आधारावर, अशी तक्रार उतारवयात केली. स्वतः त्याने तोवर त्याच देशाच्या इतिहासातून उत्तम कादंबऱ्या लिहून ठेवल्या होत्या, ही त्यातली गंमत.

या अडचणीतून वाट काढली ती जेम्स फेनिमोर कूपरने. १८२६ साली प्रसिद्ध झालेली त्याची ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ ही कादंबरी १७५७ सालच्या युद्धात घडते. इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात उत्तर अमेरिकेच्या मालकीसाठी चाललेल्या त्या लढ्यात दोन्ही बाजूंना स्थानिक जमाती सामील होत्या. कूपरने सेनापतीला नायक केले नाही. त्याचा नायक नॅटी बम्पो हा गोऱ्या आईबापांचा, परंतु डेलावेअर जमातीत वाढलेला शिकारी आहे. दोन्हीकडच्या भाषा आणि रीती त्याला ठाऊक असल्यामुळे तो दोन्हीकडे वावरू शकतो, पण पुरता कोणाचाच होत नाही. १८२३ ते १८४१ या काळात कूपरने त्याच्यावर पाच कादंबऱ्या लिहिल्या. जमातींविषयीची माहिती त्याने मुख्यतः जॉन हेकवेल्डर या मोरावियन पंथाच्या मिशनऱ्याच्या ग्रंथातून घेतली. लेखक म्हणून कूपर ढिसाळ आहे, त्याचे संवाद कृत्रिम आहेत आणि मार्क ट्वेनने १८९५ साली त्याची जी यथेच्छ टिंगल केली तीत तथ्य आहे. तरीही दरबाराऐवजी सीमाभूमी, म्हणजे दोन समाज जिथे एकमेकांत घुसतात आणि कोणाचा अंमल टिकेल हे ठरलेले नसते अशी भूमी, ही ऐतिहासिक कादंबरीची खरी जागा होऊ शकते, हे त्याला दिसले होते.

हंगेरीचा समीक्षक ग्यॉर्ग लुकाच याने १९३०च्या दशकात ऐतिहासिक कादंबरीवर जो ग्रंथ लिहिला त्यात स्कॉट आणि कूपर यांची सांगड याच मुद्द्यावर घातली आहे. त्याच्या मते या प्रकाराचा नायक मध्यम प्रतीचा माणूस असावा लागतो. मध्यम प्रतीचा याचा अर्थ सामान्य वकुबाचा, आणि परस्परविरोधी छावण्यांमध्ये ये-जा करू शकेल असा. राजे आणि सेनापती कादंबरीत यावेत, पण कडेने, मोजक्या प्रसंगांत. कारण ते केंद्रस्थानी आले की कादंबरीचे चरित्र होते आणि ज्या समाजाच्या उलथापालथीमुळे ते राजे झाले तो समाज पडद्यासारखा मागे टांगलेला राहतो. ही कसोटी सर्वांना मान्य होईल असे नाही, परंतु मराठी ऐतिहासिक कादंबरीला ती लावून पाहिली असता एक लक्षणीय गोष्ट समोर येते.

मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचा उल्लेख केला जातो ती रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ साली ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून येऊ लागली, आणि तिच्यातला गड काल्पनिक होता. हरि नारायण आपटे यांनी आपल्या ‘करमणूक’ पत्रातून ‘उषःकाल’ लिहिली तेव्हा कथेचा भार किल्लेदाराच्या घरातील काल्पनिक तरुणावर टाकला. शिवाजी महाराज त्या कथेत प्रभावी आहेत, पण कथा त्यांच्या जन्ममृत्यूच्या चौकटीत बसवलेली नाही. म्हणजे आरंभीच्या मराठी कादंबरीकारांनी जाणते-अजाणतेपणी स्कॉटचाच मार्ग धरला होता, आणि तो त्यांच्यापर्यंत येण्याच्या वाटेवर एक माणूस उभा होता ज्याचा विदर्भाशीही संबंध आला. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी. आपट्यांची ‘म्हैसूरचा वाघ’ त्याच्या टिपूवरील कादंबरीच्या आधाराने लिहिलेली आहे. निजामाने १८५३ साली वऱ्हाड कंपनीच्या हवाली केल्यानंतर १८५७च्या धामधुमीत बुलढाण्याचा कारभार याच टेलरकडे आला. पुढे त्याने १६५७, १७५७ आणि १८५७ अशा शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने घडणाऱ्या तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांतली ‘तारा’ ही शिवाजी-अफजलखान प्रसंगाभोवतीची कादंबरी १८६३ साली प्रसिद्ध झाली. परक्या अंमलदाराने लिहिलेली म्हणून ती बाजूला सारण्याची घाई करू नये. नायिकेला केंद्रस्थानी आणि महाराजांना कडेला ठेवण्याची रचना तिच्यात आहे.

१९६० नंतर हे चित्र पालटले. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली आली आणि तिच्या पाठोपाठ ‘श्रीमान योगी’, ना. सं. इनामदारांच्या ‘झेप’, ‘झुंज’, ‘राऊ’, शिवाजी सावंतांची ‘छावा’ अशा कादंबऱ्यांनी मराठी वाचकाच्या मनात इतिहास जसा बसवला तसा तो कोणत्याही इतिहासग्रंथाने बसवला नाही. या बहुतेक कादंबऱ्या चरित्रात्मक आहेत, म्हणजे त्यांचा नायक प्रत्यक्ष ऐतिहासिक पुरुष आहे, कथा त्याच्या आयुष्याच्या क्रमाने चालते आणि लेखकाची मुख्य भूमिका त्याची बाजू मांडण्याची, अनेकदा त्याच्यावरील डाग पुसण्याची असते. इनामदारांनी यशवंतराव होळकर, त्रिंबकजी डेंगळे आणि दुसरा बाजीराव यांच्यासाठी जे केले ते न्यायबुद्धीने केलेले काम होते, आणि त्याची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि या चरित्रप्रधान परंपरेचे दोन परिणाम झाले. एक म्हणजे इतिहासाचे केंद्र पुणे, सातारा, रायगड या पट्ट्यात पक्के झाले. माधवराव पेशव्यांची गोष्ट शनिवारवाड्यातून सांगितली की कधी निजामाकडे, कधी पेशव्यांकडे झुकणारा नागपूरचा जानोजी भोसले हा आपोआप घरभेदी ठरतो, आणि १७६९ सालचा कनकापूरचा तह म्हणजे त्याला बसलेली वेसण एवढेच उरते. दुसरा परिणाम असा, की ज्या इतिहासाला एकच नायक पुरत नाही तो इतिहास कादंबरीबाहेर राहिला. नागपूर हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

नागपूरचा आरंभच सीमाभूमीचा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह हा राज्यासाठी औरंगजेबाच्या दरबारी गेला, तिथे त्याने इस्लाम स्वीकारला, बादशहाकडून नाव आणि गादी मिळवली, आणि नंतर त्याच बादशहाचा दक्षिणेत कस लागत असताना मोगली मुलखावर हात मारला. अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी त्याने राजापूर बारसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवले आणि बाहेरून शेतकरी व कारागीर आणून बसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी इथे आणली, शहराभोवती कोट घातला आणि आजच्या गांधीसागर तलावाचे काम केले. १७३९ साली चांद सुलतान वारल्यावर गादीसाठी भांडण लागले, त्याच्या विधवा राणीने वऱ्हाडातील रघुजी भोसल्यांना मदतीस बोलावले, आणि मदतीस आलेले रघुजी १७४३ च्या सुमारास राज्याचे खरे धनी झाले.

इथपर्यंतची गोष्ट हिंदुस्थानातल्या कित्येक राज्यांची आहे. पुढची मात्र तशी नाही. रघुजींनी गोंड राजा बुऱ्हाण शाहाला मारले नाही, हाकलले नाही. त्याला नागपुरातच किल्ल्यात ठेवले, उत्पन्नाचा वाटा दिला, आणि भोसल्यांच्या गादीवर बसणाऱ्याला गोंड राजाच्या हातचा टिळा लागण्याची रीत चालू राहिली. ज्याची सत्ता काढून घेतली त्याच्याच हातून सत्तेची मान्यता घेण्याची ही व्यवस्था हिशेबी होती की श्रद्धेची, याचे उत्तर दफ्तरात सापडणारे नाही. टिळा लावणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय चालले असेल हे सांगणे इतिहासकाराचे काम नव्हे आणि कादंबरीकाराला मात्र त्याहून अधिक मोलाचा प्रसंग मिळणे कठीण. महाल भागातला गोंडराजाचा किल्ला आणि त्याच महालात असलेला भोसल्यांचा वाडा यांच्यामधले अंतर चालत काही मिनिटांचे आहे.

या राज्याचा दुसरा अध्याय बंगालचा आहे, आणि तो मराठी मनाला अधिक अवघड जातो. १७४२ पासून रघुजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांनी बंगालवर स्वाऱ्या सुरू केल्या. सरकारी घोडा घेऊन लढणाऱ्या स्वाराला बारगीर म्हणत आणि स्वतःचा घोडा आणणाऱ्याला शिलेदार. बंगालमध्ये बारगीरांचे ‘बर्गी’ झाले आणि त्यांची धास्ती अंगाईगीतात जाऊन बसली, ती तिथे आजही आहे. कलकत्त्याच्या इंग्रजांनी शहराभोवती मराठा खंदक खणायला घेतला तो याच वर्षी. गंगाराम नावाच्या कवीने त्या काळातच ‘महाराष्ट्र पुराण’ हे बंगाली काव्य रचले आणि त्यात जळालेल्या गावांची, पळणाऱ्या माणसांची आणि स्त्रियांवरील अत्याचारांची वर्णने केली. त्याच भास्कररामांनी १७४२च्या शरदात काटव्याजवळ दुर्गापूजा मांडली होती, आणि नवाब अलिवर्दीखानाने तिच्यातच हल्ला करून त्यांना उधळून लावले. १७४४ च्या मार्चअखेर मानकरा येथे तहाच्या बोलणीसाठी म्हणून बोलावून अलिवर्दीने त्यांना सुमारे वीस सरदारांसह डेऱ्यातच कापून काढले. १७५१ च्या तहाने नागपूरकरांना ओडिशा आणि सालाना बारा लाखांची चौथाई मिळाली, तेव्हा हा हिशेब एकदाचा मिटला.

मराठी लेखनात या स्वाऱ्यांचा उल्लेख येतो तो बहुधा पराक्रम किंवा चौथाईचा हक्क या सदराखाली. इथे हॉथॉर्नचे उदाहरण उपयोगी पडते. मॅसॅच्युसेट्समधील सेलम गावी १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून माणसे फासावर गेली, त्या खटल्यांतील न्यायाधीशांमध्ये त्याचा एक पूर्वज होता. हॉथॉर्नने ते लपवले नाही आणि त्याचे समर्थनही केले नाही. ‘द स्कार्लेट लेटर’च्या प्रस्तावनेत पूर्वजांच्या कृत्यांची लाज त्याने स्वतःकडे घेतली, आणि पूर्वजांच्या अपराधाची छाया वंशजांवर कशी पडते हा पुढच्या कादंबरीचा विषय केला. ती देशद्रोही ठरली नाही. उलट अमेरिकी साहित्याच्या पायातला तो दगड झाला. भास्कररामांची गोष्ट अर्धी नागपूरकर स्वाराच्या आणि अर्धी बंगाली कोष्ट्याच्या डोळ्यांनी सांगणारी मराठी कादंबरी लिहिली गेली, तर तीत भास्करराम लहान होण्याचे कारण नाही. आणि लुकाचला हवा असलेला मधला माणूस इथे इतिहासानेच तयार ठेवला आहे: इराणातल्या शिराझहून पोट भरायला आलेला मीर हबीब बंगालच्या नोकरीत चढला, मराठ्यांना मिळाला, त्यांना वाटा दाखवू लागला, ओडिशाचा कारभारी झाला आणि १७५२ साली मारला गेला.

तिसरा अध्याय पडझडीचा. १८१७ च्या २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सची फौज यांची गाठ पडली. रेसिडेंट म्हणजे संस्थानाच्या दरबारी राहणारा, नावाने वकील पण व्यवहारात राखणदार असलेला कंपनीचा अधिकारी. भोसल्यांच्या बाजूने खरी झुंज दिली ती पगारी अरबांनी. लहान टेकडी त्यांनी घेतलीही, परंतु लढाई हरली. पुढे १८१८ साली आप्पासाहेबांना कैद करून अलाहाबादकडे नेत असता ते जबलपूरजवळ पहारेकऱ्यांची साथ मिळवून शिपायाच्या वेषात निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयास गेले. पिंढाऱ्यांचा सरदार चितू तिथे त्यांना येऊन मिळाला; हा चितू शेवटी वाघाच्या तोंडी पडला, आणि कादंबरीकाराने असा शेवट स्वतः रचला असता तर समीक्षकांनी त्याला अतिरंजित म्हटले असते. आप्पासाहेब अशीरगड, लाहोर, हिमालयातले मंडी असे फिरत जोधपूरला पोचले आणि तिथे राजा मानसिंहाच्या आश्रयाने १८४० पर्यंत जगले. ज्या गोंडांचे राज्य पणजोबांनी घेतले त्यांच्याच डोंगरात पणतूला आसरा मिळावा, हा योगायोग नव्हे; एकाच मुलखात पाऊणशे वर्षे सोबत काढल्याचा तो परिणाम होता.

आप्पासाहेबांइतकीच, कदाचित त्यांच्याहून अधिक, कादंबरीला योग्य व्यक्ती म्हणजे दुसऱ्या रघुजींची राणी बाकाबाई. १८१८ नंतर अल्पवयीन राजाच्या काळात राजवाड्याचा कारभार तिच्याकडे होता. तिसरे रघुजी १८५३ साली निपुत्रिक वारल्यावर डलहौसीने राज्य खालसा केले, वाड्यातले जडजवाहीर आणि जनावरे लिलावात निघाली, तेही तिने पाहिले. आणि १८५७ साली नागपुरात उठाव होऊ नये असे वजन टाकून ती पुढल्या वर्षी वारली. तिला फितूर ठरवणे सोपे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मिरवणुका निघतात. रोगराई आणि इडापिडा घेऊन जाण्यासाठी गावाबाहेर नेऊन जाळल्या जाणाऱ्या या भल्यामोठ्या बाहुल्या असून त्यांपैकी काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बाकाबाईच, असे शहरात सांगितले जाते. लोकस्मृतीने निकाल दिला आहे, पण साऱ्या घराण्याचा ऱ्हास पाहिलेल्या म्हाताऱ्या बाईने पुन्हा एकदा तोफांसमोर शहर उभे करण्याचे नाकारले, तर ते भेकडपण होते की शहाणपण, हा प्रश्न त्या निकालात सुटलेला नाही.

अमेरिकी कादंबरीकडून घ्यायचा धडा मात्र कूपरपाशी संपत नाही, कारण त्याच्या कादंबरीचे नावच एक मोठी चूक करते. मोहिकन संपले नव्हते. त्यांचे वंशज विस्कॉन्सिनमध्ये आजही आपल्या जमातीच्या नावाने राहतात. ‘शेवटचा’ म्हणून हळहळण्याच्या या रीतीने वाचकाला सोयीचे दुःख दिले, आणि कादंबरीनंतर चारच वर्षांनी, १८३० साली, मूळच्या रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हटवण्याचा कायदा झाला तेव्हा तो वाचक फारसा अस्वस्थ झाला नाही. गोंडांवर लिहिणाऱ्या मराठी लेखकाला हाच सापळा आहे. गोंड समाज विदर्भात आहे, गोंडी बोलली जाते, १८५८ साली चांद्याला फाशी गेलेल्या बाबुराव शेडमाके यांची आठवण जिवंत आहे, आणि भूतकाळाचे करुण अवशेष म्हणून त्यांचे चित्र रंगवणे असत्य ठरेल. टोनी मॉरिसन यांनी २००८ साली ‘अ मर्सी’ या कादंबरीत सतराव्या शतकाच्या अखेरची अमेरिका उभी केली ती गुलाम मुलगी, मूळची रहिवासी असलेली दासी, विकत आणल्यासारखी लग्न करून आणलेली इंग्रज बायको अशा, दफ्तरात ज्यांची नोंद जेमतेम असते त्या माणसांच्या आवाजांतून. कूपरपासून मॉरिसनपर्यंतची पावणेदोनशे वर्षे म्हणजे सीमाभूमीकडे शिकाऱ्याच्या नजरेने पाहण्यापासून तिथे राबणाऱ्यांच्या नजरेने पाहण्यापर्यंतचा प्रवास आहे, आणि मराठी लेखकाला तो पहिल्या पायरीपासून पुन्हा करण्याची गरज नाही.

साधनांचा दुष्काळ आहे असे म्हणता येत नाही. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची ‘नागपूरकर भोसल्यांची बखर’ आहे, १८२७ सालचा जेंकिन्सचा नागपूर राज्यावरील अहवाल आहे, ज्यात पिके, जाती, कर आणि बाजार यांची बारीक माहिती आहे, या. मा. काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ १९३४ पासून आहे. हेकवेल्डरने कूपरला जे पुरवले ते पुरवू शकणारा मिशनरीसुद्धा नागपुरात होऊन गेला. स्टीफन हिस्लॉप १८४५ पासून इथे राहिला, १८६३ साली टाकळघाटाजवळ पुरात बुडून मेला, आणि गोंडांचा आदिपुरुष लिंगो याच्या गीतासह त्याची टिपणे रिचर्ड टेंपलने १८६६ साली छापली. त्या टिपणांतून मराठीत नावाजलेली ऐतिहासिक कादंबरी निघाली नाही.

खरी अडचण भाषेची आहे. ‘स्वामी’पासून मराठी ऐतिहासिक कादंबरीने जी भारदस्त, अलंकृत दरबारी भाषा घडवली ती पुणेरी वाड्याला शोभते; परंतु ज्या नगरात राजा गोंडी आणि फारसीच्या मध्ये वाढला, फौजेत अरब होते, बाजारात हिंदी चालत होती, कोष्टी हळबी बोलत होते आणि खेड्यात वऱ्हाडी-नागपुरी होती, त्या नगरात सगळ्यांच्याच तोंडी ‘आज्ञा शिरसावंद्य’ घातले की कादंबरी पहिल्याच पानावर खोटी होते. बोलीत सबंध कादंबरी लिहिणारे लेखक विदर्भाने दिलेले आहेत. त्यांनी ते सामर्थ्य बहुतांशी आजच्या खेड्यासाठी खर्चिले, अठराव्या शतकासाठी नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात पहिल्या रघुजींची म्हणून ओळखली जाणारी तलवार महाराष्ट्र शासनाने ४७ लाख १५ हजार रुपये मोजून मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. पाते युरोपात घडवलेले आणि त्यावर देवनागरीत रघुजींचे नाव व सेनासाहेबसुभा हा छत्रपती शाहूंकडून लाभलेला किताब, अशी ती वस्तू आहे. तिचे स्वागत व्हावे हे योग्यच. पण त्या रकमेच्या लहानशा हिश्श्यात गुप्त्यांची बखर, काळ्यांचा ग्रंथ, जेंकिन्सचा अहवाल, हिस्लॉपची टिपणे आणि गंगारामाचे काव्य ही पाचही साधने मराठीत टिपांसह, सामान्य वाचकाला परवडेल अशा किमतीत छापता येतील. विदर्भ साहित्य संघ, नागपूर विद्यापीठ आणि विदर्भ संशोधन मंडळ यांनी हे काम एकत्र अंगावर घ्यावे, आणि गोंडी जाणणारे अभ्यासक त्यात बरोबरीच्या नात्याने असावेत.